मिनिटवाले डॉक्टर

आमच्या डॉक्टरांच्या खोलीत एक मिनिट कुणालाही बोलायची परवानगी नव्हती. साहेब असो की मोलकरीण, आजी असो की बाप, बाळाचं झबलं वर झालं आणि डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं की सगळ्यांची तोंडं बंद. मग ते बाळाच्या उघड्या पोटाकडे पाहत राहायचे आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजायचे, पूर्ण साठ सेकंद. मध्ये कुणी बोललं, कुणाचा मोबाइल वाजला, की न रागावता म्हणायचे, "पुन्हा पहिल्यापासून." त्यांचं नाव पाटीवर चांगलं मोठ्या अक्षरांत होतं, पण ते वाचायची तसदी नागपूरच्या लकडगंजात कुणी घेतली नाही. सगळे त्यांना 'मिनिटवाले डॉक्टर' म्हणत.

मी त्यांच्याकडे एकतीस वर्षं काम केलं. मी काही नर्स नव्हे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात दोनदा आपटलेली, तोंडानं फटकळ आणि घरात कुणाचं न ऐकणारी अशी बावीस वर्षांची मुलगी होते. नंबर लावायचे, बाळांची वजनं करायची आणि बाहेरच्या गर्दीला दम द्यायचा, ही माझी कामं. तिसरं काम मला उत्तम जमलं. माझं नाव सुनंदा. घरी, शेजारी, सगळीकडे मी 'सुनी' होते. डॉक्टर मात्र पहिल्या दिवसापासून 'सुनंदाबाई' म्हणाले आणि शेवटपर्यंत 'अहो-जाहो'च करत राहिले.

एकदा एक पुढारी नातवाला घेऊन आले. बाळ टेबलावर, घड्याळ वर, आणि पुढाऱ्यांचा फोन वाजला. पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी फोन बंद केला आणि बरोबरच्या माणसाला हळूच काहीतरी सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "डॉक्टर, मले मीटिंग हाये." चौथ्यांदा घड्याळ वर झालं. तेव्हा बाळाची आजी, म्हणजे पुढाऱ्यांचीच बायको, खवळली. "तुमी बाहीर जाऊन बसा बरं! जलमभर बोलतच आले. एक मिनिट त्या लेकराले श्वास घेऊ द्या!" पुढारी बाहेर माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसले. मी त्यांना पाणी दिलं. त्यांच्याशी बोलायची माझी तरी काय छाती होती? पण हसू आवरताना माझी पुरेवाट झाली.

दवाखान्याला लागून आरामशीन होती. ती लाकूड चिरायला लागली की आमच्या खिडकीची तावदानं थरथरत. छातीला स्टेथोस्कोप लावावा तर आत बाळ ऐकू येतंय की सागवान, ते कळायचं नाही. डॉक्टर मशीनवाल्या सेठकडे गेले आणि म्हणाले, मी बाळ तपासेन तेवढा वेळ मशीन थांबवाल का? सेठनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "डॉक्टरसाब, आधा चिरा हुआ लकडा छोड़ के मशीन नहीं रुकती. आप ही कुछ सोचो." डॉक्टरांना ते पटलं. "बरोबर आहे त्यांचं," ते परत येऊन म्हणाले. "कानांचं जमत नाही तेव्हा आपले डोळे आहेतच." सेठशी त्यांची पुढे चांगली दोस्ती झाली. आमचे बाक त्याच मशीनवर चिरलेल्या फळ्यांचे होते.

मोजायला त्यांनी मलाही शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे रडवलं. पहिल्याच आठवड्यात मी हुशारी केली. अर्धं मिनिट मोजलं आणि दुप्पट करून सांगितलं. बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली, कशाला उगाच वेळ घालवा? डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "सुनंदाबाई, तान्हं बाळ सारखं श्वास घेत नाही. दहा सेकंद धावतं, पाच सेकंद थांबतं. अर्ध्या मिनिटात ते तुम्हाला फसवतं. पूर्ण मिनिट द्या, मग खरं बोलतं." त्या दिवशी त्यांनी एकाच झोपलेल्या बाळाचे श्वास माझ्याकडून पाच वेळा मोजून घेतले. बाळाची आई माझ्याकडे दयेनं पाहत होती. संध्याकाळी घरी जाऊन मी जाहीर केलं, उद्यापासून जाणार नाही. सकाळी मात्र साडेनऊच्या ठोक्याला दाराशी हजर. हार मानून घरी बसले असते तर आयुष्यभर त्याच बाळाचे श्वास मोजत बसले असते.

माणूस आपली चूक झाकून ठेवतो. आमचे डॉक्टर ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, चहाच्याही आधी. मला सांगितली, नंतर शिकायला आलेल्या प्रत्येक तरुण डॉक्टरला सांगितली. मी ती इतक्या वेळा ऐकली, की शेवटी शेवटी ते थांबले तर पुढचं वाक्य मी सांगत असे.

डॉक्टर मूळचे सांगलीकडचे. इथं येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. एका दुपारी, दवाखाना भरलेला असताना, एक तरुण बाई रांग सोडून थेट दारात आली. पदराखाली तान्हं मूल, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाली, "साहेब, लवकर पाहा ना. डब्बा हाये." डॉक्टरांपुढे टेबलावर झटका आलेलं पोर होतं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "डबा आहे ना? मग बाहेर बसून खाऊन घ्या. नंबर आला की बोलावतो." ती गेली. तासाभरानं तिचा नंबर आला तेव्हा बाकावर कुणी नव्हतं. डॉक्टरांनी सहज कंपाउंडरला विचारलं, ती डबेवाली बाई कुठं गेली? कंपाउंडर आपला नागपुरी माणूस. त्यानं कपाळाला हात लावला. "साहेब, थो डब्बा खायाचा नाही जी. लेकराले डब्बा होता!"

आमच्याकडे बाळाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जायला लागल्या की डब्बा झाला म्हणतात. न्यूमोनियाला आमच्या आयाबायांनी ठेवलेलं हे नाव आहे, आणि ते पुस्तकात नसतं. डॉक्टर सायकलरिक्षानं एसटी स्टँडवर गेले. खाप्याची बस सुटून गेली होती. खापा हे एवढंच कंपाउंडरनं तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, नाव विचारायचं राहून गेलं होतं. ते मूल जगलं की गेलं, हे डॉक्टरांना कळलंच नाही. "मला एक शब्द येत नव्हता, सुनंदाबाई," ते म्हणायचे. "एवढाल्या परीक्षा दिल्या आणि एक शब्द येत नव्हता."

त्या दिवसापासून त्यांनी दोन गोष्टी धरल्या त्या सोडल्या नाहीत. एक म्हणजे मिनिट: आई काहीही म्हणो, न म्हणो, प्रत्येक बाळाचं पोट ते आधी पाहणार. दुसरी म्हणजे आमची भाषा. त्यांनी एक जाड वही केली आणि बाया जे जे बोलतील ते त्यात उतरवायला लागले. लहाक लागली म्हणजे श्वास जोरात चालला. वांती म्हणजे उलटी. शब्द अडला की वही घेऊन माझ्याकडे. "तुमच्याकडे पोट चढतं, बसतं, पडतं आणि उडतंसुद्धा. पोट आहे की पाखरू?" मी म्हणायची, "सर, तुमच्या सांगलीला पोटं एकाच जागी राहतात का?" पुढं पुढं तेही बोलायला लागले, पण आम्ही 'का'ला 'काहून' म्हणतो, ते त्यांचं 'काहून' शेवटपर्यंत आमचं झालं नाही. त्यांनी 'काहून' म्हटलं की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. हसलेली बाई मोकळेपणानं बोलते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यामुळे तो उच्चार त्यांनी सुधारला नाही असा माझा संशय आहे.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी खापा. कन्हानच्या काठचं हे गाव आमच्यापासून काही फार लांब नाही. सकाळी निघालं की कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे टाकत आठ-साडेआठला पोचायचं. सुरुवातीला ते त्या बाईला शोधायला गेले. दारोदार विचारलं. लोक म्हणाले, साहेब, डब्ब्यानं गेलेली लेकरं इथं दर आळीत आहेत, तुमचं कोणतं ते कसं सांगावं? मग ते तिथंच शाळेच्या व्हरांड्यात बसून मुलं तपासायला लागले. आयांना मोजायला शिकवायला लागले. घड्याळ नसेल तिच्या शेजारणीला साठ आकडे सावकाश म्हणायला शिकवलं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटात साठच्या वर, वर्षाच्या आतलं पन्नासच्या वर गेलं की वाट बघायची नाही, कुणाला विचारायचं नाही, उठायचं आणि सावनेरचा दवाखाना गाठायचा. त्या व्हरांड्यात त्यांनी हे किती रविवार सांगितलं असेल! घरचं लग्न असो, ताप असो, खापा चुकलं नाही. मीही बरोबर जायची. एकदा वैतागून म्हटलं, "सर, ती बाई आता आजी झाली असेल. सापडून काय करणार?" ते म्हणाले, "माफी मागणार. तोवर रिकामं काहून बसायचं?"

त्या शाळेची झाडझूड कौसाबाई करायची. काळीसावळी, काटक आणि कमी बोलणारी. रविवारी कुलूप तीच उघडायची, सडा टाकून सतरंजी पसरायची, पाण्याची घागर भरून ठेवायची आणि आळीआळीत जाऊन बायांना हाक मारायची. एखादी आळस करून घरात बसली तर कौसाबाई तिचं पोर उचलून घेऊन यायची, आई मागून ओरडत यायची. दुपारी डॉक्टरांना चहा करून द्यायची. डॉक्टरांनी त्या बाईबद्दल तिलाही विचारलं होतं, अगदी पहिल्या वर्षी. ती म्हणाली होती, "मले नाही मालूम, साहेब." ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, ती तेच सांगत राहिली.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांचे पाय सुजायला लागले. पायऱ्या चढवेनात. लकडगंजचा दवाखाना एका तरुण डॉक्टरच्या हाती दिला. खाप्याचा मात्र निर्णय होईना. तरुण डॉक्टरला रविवार मोकळा नव्हता. शेवटी एका शनिवारी डॉक्टर मला म्हणाले, "उद्या तुम्ही एकट्या जा आणि सांगून या. आता रविवार बंद. कौसाबाईंना माझा नमस्कार सांगा." ते भिंतीकडे तोंड करून बोलत होते. मी खाप्याला गेले.

व्हरांड्यात दहाबारा बाया बसल्या होत्या. मी सांगितलं. बाया हळहळल्या, पोरं काखेला मारून उठल्या. कौसाबाई उठली नाही. सतरंजीची घडीही घातली नाही. व्हरांडा रिकामा झाल्यावर म्हणाली, "बाई, जराशीक बसा. डॉक्टरले एक निरोप द्या. म्हना, थे डब्बेवाली बाई मीच होय."

माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं हा माणूस हिच्यासमोर बसून हिलाच शोधत होता आणि ही त्याला चहा देत होती! मी म्हटलंच, "कौसाबाई, तुम्हाला जीभ नव्हती का?" ती शांतपणे म्हणाली, "त्यायले सांगा. मंग काय बोलाचं थे मी त्यायच्याशीच बोलन."

डॉक्टरांना सांगावं की नाही, हा प्रश्न मला बसमध्ये पडला आणि पाटणसावंगीचा थांबा येईपर्यंत मिटला. ज्यानं स्वतःची चूक एवढ्या लोकांना सांगितली, त्याच्यापासून तिचा शेवट मी कोण लपवणार? मी सरळ त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं. ते भिंतीला धरून उठले. मग मुलाला म्हणाले, गाडी काढ. मुलगा म्हणाला, बाबा, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय. "डॉक्टर मी आहे," ते म्हणाले. मुलानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही भानगड मीच आणली होती. खरंच होतं ते.

सोमवारी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती. दोघांनी धरून त्यांना व्हरांड्यात आणलं. कौसाबाईनं खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसली. डॉक्टर म्हणाले, "वर बसा." ती बसली नाही. मग तेच खुर्चीवरून खाली सरकायला लागले, तेव्हा नाइलाजानं ती बाकावर टेकली.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"तुमी म्हनले, खाऊन घ्या. मले वाटलं, आई जेवली का नाही हे पाहूनच डॉक्टर लेकराले हात लावत असन. पिशवीत भाकर होती. खाल्ली. मंग लेकरू शांत झालं. मले वाटलं, आराम पडला, झोपली. बसची येळ झाली होती तं उठली. कोराडी गेल्यावर पाह्यलं तं..." ती थांबली. "कोनालेच नाही सांगितलं. लोकायनं मलेच इचारलं असतं, तू काहून नाही बोलली? तू भाकर खात काहून बसली?"

"मुलगी होती?"

"हो जी. चंदा."

डॉक्टरांनी ते नाव एकदा हळूच उच्चारलं. मग हात जोडले. "चूक माझी होती, कौसाबाई."

मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या साहेब, नशीब होतं. आपल्याकडे असंच म्हणतात. समोरचा म्हातारा आहे, आजारी आहे, हात जोडून बसलाय. म्हणून टाकावं आणि मोकळं व्हावं. कौसाबाई म्हणाली, "हो जी. तुमचीच होती."

डॉक्टरांनी मान हलवली, जणू कुणीतरी त्यांचा हिशेब बरोबर आहे असं सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं, "एवढी वर्षं काहून नाही सांगितलं?"

या वेळी त्यांच्या 'काहून'ला कुणी हसलं नाही.

"सांगितलं असतं तं तुमी रडले असते, माह्या पाया पडले असते, अन् मोकळे झाले असते. मोकळा मानूस मयन्याच्या मयन्याले खाप्याले कायले येते, साहेब? पहिल्या वर्षी तुमाले पाह्यलं तवा वाटलं, तोंडावर जाऊन बोलाव. मंग पाह्यलं, तुमी शेजारच्या सिंधूच्या पोराचं पोट पाहून राहिले होते. थे पोरगं वाचलं. मंग म्या ठरवलं, या मानसाले मोकळं नाही करायचं."

डॉक्टर ऐकत होते. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते. "आणि आता?" ते म्हणाले.

"आता तुमचे पाय थकले. तुमी बसा घरी." आणि मग ती माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. "पन रविवार बंद म्हनून सांगाले तुमी एकल्या आल्या, तवा मले समजलं, आता गप राहून भागत नाही. बाई, तुमाले मोजता येते. पुढच्या मयन्याले कोन येते?"

मी फटकळ आहे, पण त्या क्षणी मला विनोद सुचला नाही. माझं वय झालंय, गुडघे दुखतात, रविवारी लेक आणि जावई येतात, यातलं काहीही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "मी येते."

परत येताना गाडीत डॉक्टर कोराडी मागे पडल्यावर म्हणाले, "सुनंदाबाई, बाईनं मला चांगलं कामाला लावलं." आणि हसले. त्या हसण्यात सुटका होती, असं मी लिहिणार नाही. पण कुणीतरी आपल्याला पूर्ण ओळखून ठेवलं होतं, याचं काहीतरी त्यात होतं.

त्यानंतर त्यांनी मला तीन महिने घरी बोलावून कामाला जुंपलं. कोणत्या बाळाला तिथल्या तिथं सावनेरला पाठवायचं, कोणत्याला आठवड्यानं पाहायचं, आईला काय विचारायचं, हे त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं. तरुण डॉक्टरला बोलावून घेतलं आणि खाप्याहून मी फोन केला तर पहिल्या रिंगला उचलायचा असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तो उचलतो. दोन महिन्यांतून एकदा आता स्वतःही येतो. मी औषध देत नाही, सुई टोचत नाही. मी मोजते, शिकवते आणि पाठवते.

संक्रांत झाल्यावर डॉक्टर गेले. स्मशानात पूर्व नागपुरातली माणसं आली होती, ज्यांची पोटं त्यांनी पाहिली होती अशी, आता स्वतः पोट सुटलेली माणसं. मी रडले, भरपूर रडले. मला त्यांची आठवण येते, आणि ती जाऊ नये असंच मला वाटतं.

पुढचा रविवार महिन्यातला पहिलाच होता. मी एकटीच खाप्याला गेले. सडा पडला होता, सतरंजी पसरलेली होती, घागर भरलेली होती. कौसाबाई दारातच उभी होती.

"गेले का जी?"

"गेले."

ती पायरीवर बसली. पदर डोळ्यांना लावला आणि तशीच राहिली. मी तिच्या शेजारी बसले. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, तोंड धुतलं आणि आळीच्या तोंडाशी जाऊन ओरडली, "आना वं लेकरं! बाई आल्या हायेत!"